कोळसा ओला आहे

दुलमा म्हणते, सोपं असतं. डोळे मिटायचे
आणि बोलायला लागायचं.
पण डोळे मिटले की मला फक्त
भट्टीचं तोंड दिसतं, लाल.
अठ्ठावीस हिवाळे त्यातच तर बघत आले.

बाप्तिस्मा ऑगस्टात झाला, केरलेन नदीत,
पाणी अंगाला सोसत होतं तेव्हा.
चर्च म्हणजे पूर्वीचं बूट दुरुस्तीचं दुकान.
अकरा खुर्च्या. भिंतींना अजून सरसाचा वास.
बाकीचे काय सुरेख बोलतात!
गोम्बोची प्रार्थना तर डोंगर चढून, नदी ओलांडून
पलीकडच्या कुरणावर जाऊन बसते.
माझी उंबऱ्यातच, बुटाची नाडी सोडत.

पहिली अडचण : तू म्हणायचं की तुम्ही?
वडिलांना मी जन्मभर तुम्ही म्हटलं.
लुव्सान, चारशे मेंढ्यांचा धनी, शब्दांचा कंजूष.
जवळ घ्यायचे ते टाळूचा वास घेऊन,
एकदाच. मग घोड्यावर मांड टाकून दिसेनासे.
आता सांगतात, देव बाप आहे.
बरं. म्हणजे तोही बोलणार नाही.
मी टाळू पुढे करून बसते.

दुसरी : दूध.
आई रोज सकाळी गेरच्या दारात उभी राहून
दुधाचे थेंब लाकडी पळीनं आभाळाकडे उडवायची,
चारी दिशांना. माझाही हात उठतो, अजून.
दुलमाला विचारलं, चालेल का?
ती बराच वेळ चहा ढवळत राहिली.
म्हणाली, मला नाही गं माहीत. त्यालाच विचार.
म्हणजे आलंच की फिरून तिथंच!
तेव्हापासून पळी भरते, दारात येते
आणि अर्ध्यात थांबते.
दूध पळीतच गोठतं. उणे चौतीस.

मग जानेवारीतली ती रात्र.
साडेतीनला पंप बसला.
वसतिगृहात एक्क्याऐंशी पोरं झोपलेली
आणि काटा खाली, खाली.
मी पाइपाखाली आडवी, हातात पान्हा, दातांत टॉर्च,
आणि तशातही बोलत होते. काय ते विचारू नका.
शिव्या होत्या त्यात. ठेकेदाराला,
ओला कोळसा पाठवणाऱ्या खाणीला,
आणि मधूनच नुसतं : अरे. अरे, ऐक ना.

कुणाला म्हणाले?
पंपाला मी अरे म्हणत नाही.
रशियन आहे, माझ्याहून वयानं मोठी, तिला बाई म्हणते.

पाचला पाणी खळखळलं.
वायसर बदललं म्हणून. तेवढं मला कळतं.
दुलमाला यातलं काही सांगितलेलं नाही.

रविवारी माझी पाळी आली.
उभी राहिले. खुर्ची करकरली.
नखांतला काळा दिसू नये म्हणून हात पाठीमागे.
म्हटलं, कोळसा ओला आहे.
पुढे सुचेना.
पोरांना थंडी वाजते. आमेन.
कुणीतरी हसलं. गोम्बो नाही हसला.
खाकरून आमेन म्हणाला, सगळ्यांच्या मागून,
कळपात शेवटचं जनावर येतं तसं.

घरी जाताना पुलाच्या मध्यावर आठवलं :
तेमूलेन राहिला.
माझा मुलगा. कोरियात, रंगाच्या कारखान्यात.
सात महिने फोन नाही.
परत जाऊन सांगावं का? दुकानाला कुलूप लागलं असणार.
मग चालता चालताच सांगितलं.
त्याचं नाव. त्याच्या बुटाचं माप.
लहानपणी खोकला झाला की उताणा झोपायचा नाही ते.
वाफ निघत होती, रुमालावर गोठत होती.
फाटक आलं तरी संपेना.
कुत्रं शेपटी हलवत बघत राहिलं,
मी कुंपणाभोवती आणखी दोन फेऱ्या मारल्या.