बोगदो बंद

वेंगुर्ल्याला रेल्वे नाही.
गाडी बघायची तर कुडाळला जा, नाहीतर सावंतवाडीला,
नाहीतर माझ्या पोटमाळ्यावर या.
अकरा पायऱ्या. शेवटच्या पायरीवर डोकं सांभाळा.

आठ बाय चारचा प्लायवुड,
त्यावर सत्त्याऐंशीपट लहान मुलूख.
माड काथ्याचे. रुळांखालची खडी म्हणजे जांभा,
कुटून रव्याच्या चाळणीने चाळलेला.
(नवी चाळण आणतो, असं शालनला सांगितलं होतं.
आणली नाही.)
डोंगर दाताच्या साच्यांच्या प्लास्टरचे.
दवाखाना बंद केला तेव्हा न नेलेले साचे पुष्कळ उरले,
ते भरावाला गेले.
दुसऱ्या वळणावरच्या टेकडीत
आरोलकर मास्तरांचा खालचा जबडा आहे.
गाडी त्याच्यावरून जाते. मास्तर आता नाहीत.

पहिल्या वर्षी मी किनाऱ्यावरून पिशवीभर रेती आणली,
काळी, चमचमणारी.
तिच्यात लोखंड.
मोटरच्या चुंबकाने ती कणाकणाने ओढून घेतली
आणि इंजिनाची दातखीळ बसली.
तेव्हापासून समुद्राला घरात बंदी.
बंदी मी घातली, त्याने कुठे मान्य केली?
तो कौलांच्या फटीतून येतो,
रात्रभर रुळांवर बसून राहतो.
दोन दिवस हात लावला नाही की
रूळ काळवंडतात, चाकांना वीज लागत नाही,
इंजिन उचक्या देत उभं राहतं.

मग स्पिरिट, जुन्या बनियनचा तुकडा,
शाळेतलं खोडरबर,
सांध्यांसाठी माझं जुनं टोकदार हत्यार.
चाळीस वर्षं माणसांना सांगितलं, रोज घासा.
कुणी घासले?
आता मीच घासतो,
बारा व्होल्टसाठी.

आल्मेडांचा ग्लॅडविन संध्याकाळी येतो, सिग्नल त्याच्याकडे.
एकदा म्हणाला, "डॉक्टर, ही गाडी खय जाता?"
"खयच नाय. फिरान हयच येता."
"मग बोगदो कित्याक?"
मला उत्तर सुचेना.
मी म्हटलं, सिग्नलकडे बघ.

शिमग्याच्या आदल्या दिवशी गाडी बोगद्यात गेली
आणि बाहेर आली नाही.
तोंडात घालायचा आरसा मी आत सरकवला, बॅटरी धरली.
आरशात आधी मागचा दिवा,
मग भिंतीला चिकटलेली
पालीची दोन अंडी,
आमच्या दुधाच्या दातांएवढी.
एक डबा त्यांना टेकून थांबलेला.

गाडी चिमट्याने मागे ओढून घेतली.
ग्लॅडविनने काडेपेटीच्या पुठ्ठ्यावर पाटी लिहिली,
बोगदो बंद.
मी वेळापत्रक बदललं: अर्ध्या वर्तुळात
पुढे जायचं, मागे यायचं.
दोन दिवस करून पाहिलं. मन रमेना. बंद केलं.

तिसऱ्या दिवशी पेज करपली.
"वर काय झालंय?" खालून शालन.
"का?"
"पाच फेऱ्या झाल्या की मी पेज उतरवते.
अकरा वर्षं झाली.
आता काय, घड्याळ बघत बसू?"

अकरा वर्षांत ती एकदाही वर आली नव्हती.
मला वाटायचं, तिला आवाजाचा त्रास होतो.

रोज सकाळी आरसा आत.
रूळ काळे पडत गेले, मी ते पडू दिले.
चैत्र संपता संपता एकदा आरशात
नुसती कवचं दिसली, एकाला वरून भगदाड.
पिल्लं कुठे गेली, कळलं नाही.
त्या दिवशी दुपारभर घासत होतो,
कोपर दुखेपर्यंत.

ग्लॅडविनने पाटी काढून खिशात घातली.
गाडी आत गेली. चाकं लटपटली,
मग दुसऱ्या तोंडातून बाहेर आली,
इंजिनाच्या कपाळावर कवचाचा तुकडा, नखाएवढा.
तो मी काढला नाही.
ग्लॅडविन म्हणाला, परत.
परत सोडली. परत.

खालून हाक आली, "पाच झाल्या ना?"

मी मोजत नव्हतो.
म्हटलं, झाल्या.