तडी

वडगावच्या बाजार गल्लीमागं
बारा मागांचं एक शेड आहे.
जुना बीम सरला की नवा चढतो,
आणि दोघांच्या मधे
नीलव्वा बसते, पाट घेऊन.

चार हजार दोनशे टोकं इकडं,
चार हजार दोनशे तिकडं.
चिमटीत चुलीची राख.
एक जुनं, एक नवं, एक पीळ.
एक जुनं, एक नवं.
ह्याला सांधणी म्हणतात.
इचलकरंजीला मशीन आलंय म्हणे.
आमच्या मालकाकडं नीलव्वा आहे.

ती मोजते कानडीत, शिव्या देते मराठीत,
आणि मला शिकवताना
दोन्हीतलं जे हाताला लागेल ते घेते.
पहिल्या महिन्यात मी भराभरा पीळ घालत सुटले.
मजुरी हजारावर होती
आणि पोरीच्या रिक्षाचे पैसे थकले होते.
"तडी," ती म्हणायची. "तडी गे."

मला वाटलं, तडीला ने म्हणालीय.
मी आणखी घाई केली.

तिच्या भाषेत तडी म्हणजे थांब.

दीड वार विणून झाल्यावर
उजव्या काठाशी एक रेघ दिसली,
डोळ्यात केस गेल्यासारखी.
कुठंतरी दोन धागे मी उलटसुलट जोडले होते.
नीलव्वा काही बोलली नाही.
चष्मा पुसला, फणीवर वाकली,
एकेक धागा नखानं बाजूला सारत
मागं मागं गेली.
चहा गार झाला.
हेस्कॉमची लाईट गेली, आली,
शेजारच्या मागांची खडखड थांबली, पुन्हा लागली,
आणि चारच्या सुमाराला ती म्हणाली,
"हा बघ की. इथं बसलाय चोर."
जणू तो तिचीच वाट बघत होता.

घरी सासरे आहेत.
दिवाळीच्या आधी झटका येऊन गेला,
तेव्हापासून शब्द ओठापर्यंत येतो
आणि उंबरा ओलांडत नाही.
"ते... ते..."
मी लगेच पुरवायचे. पाणी? चष्मा? रेडिओ?
ते मान हलवायचे,
शेवटी कंटाळून हो म्हणायचे.
किती तांबे पाणी त्यांनी
तहान नसताना प्यायलं असेल.

काल रात्री ताट घेऊन बसले पुढ्यात.
"ते... तुझं..."
जीभ उचललीच होती मी.
तडी, तिला म्हटलं.
भातावरची आमटी सुकत गेली.
बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं,
मारत होतं,
ती एकदाची सुरू झाली, गेली.
त्यांचा हात सरकत माझ्या हातापर्यंत आला.

"बोटं," ते म्हणाले.
मग पुष्कळ वेळानं,
"राख."

मी हात पुसले नाहीत.
अजून काहीतरी येत होतं.