मधला चेंडू

प्रोस्त्येयोव, कोर्ट नंबर चार.
प्रेक्षक अकरा, आणि एक कुत्रा
ज्यानं चेंडूकडे बघणं केव्हाच सोडलंय.
सिंगल्सवाले गावात जेवायला गेले,
उरलासुरला उजेड आमच्या वाट्याला.

नऊ वर्षं मी तुझी पाठ वाचतोय, राडिम.
नेटपाशी वाकून तू मागच्या मागे बोटं उघडतोस:
दोन म्हणजे बाहेरच्या कोपऱ्यात टाक,
मूठ म्हणजे तू जागचा हलणार नाहीस.
करंगळीचं नख अजून काळंच,
मार्चमध्ये हॉटेलच्या दारात चेंगरलेलं;
तेव्हा बर्फासाठी मी तीन मजले उतरलो होतो.

बक्षिसाचे अर्धे, खोलीभाड्याचे अर्धे,
घोरणं मात्र सगळं तुझं.

मधला चेंडू कुणाचा, यावरून
एकदाच भांडलो आपण, लिंझच्या गाडीत.
मग बोलणंच टाळलं,
आणि तो कुणी ना कुणी घेत राहिला.

आज सकाळी म्हणालास, ब्रनोत एक क्लब आहे,
लहान मुलांना शिकवायचं,
रात्री घरी झोपायचं.
मी टोस्टला लोणी लावत राहिलो
दोन्ही बाजूंनी.

टायब्रेक. नऊ-आठ. सर्व्हिस माझी.
तू वाकतोस. हात मागे येतो.
लाल माती मोज्यांच्या वरपर्यंत चढलेली.
दोन बोटं नाहीत, मूठही नाही,
नुसता तळवा
माझ्याकडे वळवलेला.

हे आपलं ठरलं नव्हतं.

मी चेंडू तीनदा आपटतो.
चौथ्यांदा आपटतो.
अंपायर घड्याळाकडे बघतो.