कंदिलाशेजारी

शिसपेन्सिलीत शिसं नसतं,
हे मला नांदेडला एम.एस्सी.ला आल्यावर कळलं.
असतं ग्राफाइट, पापुद्र्यावर पापुद्रा.
सोलत सोलत गेलं
की शेवटी उरतं ग्राफीन,
एका अणूच्या जाडीचा थर.
त्याला आत असं काही नाहीच,
सगळं अंग बाहेर.
म्हणून हवेतलं काही टेकलं
की त्याला लगेच कळतं.

मी त्याला विष हुंगवते.
काचेच्या डब्यात हायड्रोजन सल्फाइड,
दहा लाखांत पाच भाग.
ओहम सरकतात, मी वहीत वेळ लिहिते.
मग स्वच्छ हवा सोडते,
आणि तो विसरत नाही.
चाळीस मिनिटं झाली तरी
रेघ पहिल्या जागी येत नाही.
तापवावं लागतं, तेव्हा सोडतो.
सर म्हणतात, रिकव्हरी वाईट आहे, धोत्रे.
मी म्हणते, हो सर.

दत्तूकाका विहिरीत उतरला
त्याआधी बापानं कंदील सोडला होता.
तळाशी जाऊन तो जळत राहिला,
पिवळा, न हलता.
गाळ ढवळला तसा सडक्या अंड्यांचा वास सुटला.
थोड्या वेळानं काका खालून ओरडला,
"गेला रे वास!"

वास कुठं गेला नव्हता.
आधी नाक मरतं.

कंदील जळतच होता.

या उन्हाळ्यात चिप गावी नेली, जिंतूरच्या पुढं.
साबणाच्या डबीत बसवलेली,
तोंडाला जाळी, मागं साठ फूट वायर.
बापानं डबी कानाशी हलवून पाहिली.
"काय हाय हिच्यात?"
"पेन्सिलीतली काजळी."
तो काही बोलला नाही,
कंदिलाची काच पुसली
आणि दोन्ही एकाच दोराला बांधलं.

वीस फुटांवर आकडा हलला.
ओल असेल, मी म्हणाले.
ओल आणि वायू हिला अजून
नीट वेगळे ओळखता येत नाहीत,
तेच तर माझं तिसरं प्रकरण.
मी आर्द्रतेचं गणित सांगू लागले.
"हालला का न्हाई, तेवढं सांग."
"हालला."

त्यानं दोर ओढून घेतला.
गड्यांना म्हणाला, भाकरी खाऊन घ्या,
आज कुणी उतरायचं न्हाई.
कंदील वर आला तो जळतच होता,
बापानं फुंकर मारून विझवला.

डबी मी उन्हात ठेवली.
ओल असेल तर सुकेल.

दिवस मावळला तरी
आकडा जागेवर आला नव्हता.