'नको' नावाचं फोल्डर

आधी मी लग्नं धरायचो.
बारा हजारात दोन दिवस, अल्बम वेगळा,
आणि शेवटचे तीन हजार
नवरदेवाचा मामा अजून देतोच आहे.

मग जामच्या चौरस्त्यावर चांदेवार भेटले.
पांढरी गाडी, पांढरे बूट, बुटांना काळी माती.
"ड्रोन हाय ना बे तुह्याजवळ?
मंग नवरीच्या डोस्क्यावर काहून फिरवतं?
जमिनीवर फिरव.
जमीन मेकअपले तीन घंटे लावत नाही."

एका लेआउटचे आठ हजार, रोख.
लांबी अडीच मिनिटं.
वरून एक शॉट, डांबरी रस्त्यावरून एक,
एक गेट उघडताना.
गेट आधी उभं करायचं.
भिंत नसली तरी चालते.

आता महिन्याला नऊ-दहा होतात.
हिंगणघाट, समुद्रपूर, वडनेर, एकदा पार वणी.
दोन बॅटऱ्यांच्या सहा झाल्या,
मोटरसायकलची किस्त वेळेवर जाते,
आणि सासरे मला चारचौघांत
'आमचे जावई, मीडियात' म्हणतात.

उडवायचं सकाळी साडेसहाला.
आठनंतर ऊन असं चढतं
की जमीन आहे तशी दिसू लागते.
'शाळा पाच मिनिटांवर' लिहायचं.
गाडीची मिनिटं की ड्रोनची,
आजवर कोणी विचारलं नाही.
हाय टेन्शनची तार, मोक्षधामाचं पत्र्याचं छत,
उकिरडा, गोट्या खेळणारी उघडी पोरं,
हे सगळं फ्रेमच्या बाहेर.
मी ते पुसत नाही मात्र.
'नको' नावाचं फोल्डर आहे, त्यात टाकतो.
का टाकतो, माहीत नाही.
हार्ड डिस्क त्यानंच भरत आली आहे.

आवाज सुकेशनी गजभियेचा.
अंगणवाडीची वजनं-मापं संपली की येते,
डोक्यावरून गोधडी घेऊन मोबाइलात बोलते,
'जिथे निसर्ग तुमची वाट पाहतो...'
एका व्हिडिओचे तीनशे.
घामानं निथळत बाहेर निघते अन् म्हणते,
"निसर्गाले सांग दादा, पंख्याखाली ये म्हणा."
मागे कोकीळ ओरडते ती नेटवरची, फुकटची.
बावीस लेआउटांत एकच कोकीळ.

काल संध्याकाळी फोन आला.
नत्थूजी बावणे, एस.टी.तून निवृत्त कंडक्टर.
"ग्रीन व्हॅली फेज दोन, प्लॉट सतरा.
जाऊन पाह्यलं मी. मांगं नाला हाय."
मी शिव्यांची वाट पाहत उभा.
"तुमच्या व्हिडिओत तं दिसलाच नाही बाप्पा.
आमच्या घरच्याईले पाण्याकाठचं घर पाह्यजे.
तुमचा व्हिडिओ पाहून म्हणते,
हे तं पापड वाळवाची जागा हाय, नको.
नाल्याचा असन तं पाठवा ना."

होता.
मार्चमधला, घोटाभर पाणी,
एक बगळा, दोन म्हशी,
आणि नारळ ठेवावा तसं पाण्यात ठेवलेलं
कोणाचं तरी हेल्मेट.
पाठवला.
लगेच अंगठा आला, मग हात जोडलेले,
मग एक गुलाबाचं फूल.

त्याच्याच खाली ऑगस्टची क्लिप होती.
पाणी गढूळ, पसरलेलं,
आणि खुंट्या दिसत होत्या सोळापर्यंत.
सतरा नंबरवर लाकडाचा एक ओंडका
गोल गोल फिरत होता.

नत्थूजींचं नाव निवडलं. पाठवा दाबलं.
फाइल मोठी, आमच्याकडे नेट असं.
बासष्ट टक्क्यांवर चांदेवारांचा फोन.
"फेज तीन. उद्या साडेसहा. दहा देतो."
हो म्हटलं.
बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या, सहाही.
मग मोबाइल छपराच्या टोकाला नेऊन ठेवला,
तिथं रेंज जरा बरी येते.
एक्क्याहत्तर.