कुसळ

बेटावर उतरण्याआधी बूट दाखवावे लागतात.
मागच्या डेकवर ब्रश, चिमटा, औषधाच्या पाण्याची बादली
आणि भिंग घेऊन बसलेली सोल्वेग.
तिनं माझ्या डाव्या मोज्यातून एक कुसळ उपसलं,
उजेडात धरलं. विचारलं, हे कुठलं?

पुण्याचं, म्हटलं.
वेताळ टेकडी, खाणीच्या वरची पायवाट, ऑक्टोबर.
तिनं ते पाकिटात बंद केलं, वर तारीख घातली,
माझं नाव घातलं.
इतक्या इतमामानं आमच्याकडे माणसालाही कुणी नोंदवत नाही.

बेटावर कधीच कुणी राहिलेलं नाही.
गवत कमरेइतकं, गवतात सील,
दिसण्याआधी त्यांचा वास येतो.
मी पुढे, काठी आडवी धरून,
मागे लाल जाकिटांतले चौदा.
माझ्या पावलावर पाऊल. सीलपासून पंधरा पावलं.
पक्षी समोर आला तर आपण थांबायचं, वाट त्याची.
जाताना चौदा. येताना चौदा.

जहाजाच्या दाराशी बिल्ल्यांची फळी:
उलटा बिल्ला बाहेर, सुलटा आत.
एकदा सात नंबर उलटाच राहिला.
वारा चढलेला, बोटी वर घेतलेल्या,
मी दुर्बिणीतून तो सगळा काळा किनारा दगड दगड करून पाहिला,
आणि सात नंबरच्या बाई जेवणघरात
सूप पीत होत्या.
मी काही बोलले नाही.
केबिनमध्ये जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिले.

आता एप्रिल. रविवारी पहाटे साडेपाच,
पंचवटीच्या बाजूनं आम्ही आठ जण चढतो.
गवत वाळून कोलमडलेलं, मधे वणव्याचा काळा पट्टा,
खाणीच्या तळाशी हिरवट पाणी, आणि कुठूनतरी मोर.
मी मनातल्या मनात मोजते. चिरमुले काकांना कळतं.
"अगं, इथे कोण हरवतंय?" म्हणतात
आणि मुद्दाम वाट सोडून चालतात.

मी त्यांना गिरिपुष्प दाखवते.
बाहेरून आणून लावलेलं, टेकडी हिरवी दिसावी म्हणून.
बघा, याच्याखाली धड गवत नाही.
ते खोडाला टेकून घाम पुसतात.
"सावली देतंय की."
याचं उत्तर आमच्या प्रशिक्षणात नव्हतं.

सोल्वेगचं काही चुकलं नाही.
पण त्या रात्री बंकवर पडल्या पडल्या, इंजिनाची घरघर पाठीत भिनत असताना
मला एकटीलाच हसू फुटलं.
सहा मजली मुसळ त्या पाण्यात उभं,
धूर सोडत, वर गरम पाण्याच्या हौदासकट,
आणि आम्ही सगळे खाली वाकून
एकमेकांच्या मोज्यांत कुसळ शोधतोय!
त्याच मुसळावर माझा पगार.
कोथरूडच्या घराचा हप्ता त्याच मुसळावर.

टेकडीवरून आल्यावर मी दारात बसून मोजे उलटे करते.
आज तीन निघाली. एक बोटात घुसलं.
खिडकीतून टाकायला गेले, खाली पाहिलं:
पार्किंग, फरशा, पाण्याचा टँकर.
हात मागे घेतला.

तिन्ही पुन्हा मोज्यात खोचून ठेवलीत.
रविवारी वर नेईन.
ऑक्टोबरात जहाजावर जाताना
नवे मोजे घ्यायचे, हे लक्षात ठेवायला हवं.