दोन नंबरची कॉइल तीनला

गाडी आली ती खोकतच.
मगदूम म्हणाले, पेट्रोल खराब असंल.
मग म्हणाले, पोरानं कवलापूरपर्यंत नेली, तवापासनं.
पोरगा मागच्या सीटवर, मोबाइलात मान घालून.
कुपवाड एमआयडीसीचा दुपारचा भोंगा झाला.

डॅशबोर्डखाली सॉकेट
न बघता सापडतं आता मला.
स्कॅनर जोडला. पी शून्य तीन शून्य दोन.
म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर नीट जळत नाही.
का जळत नाही ते तो सांगत नाही,
नुसतं बोट दाखवतो,
आणि एवढ्याचे अठरा हजार घेतलेत त्यानं माझे.

इलाहीचाचांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं:
कॉइल आणायला दुकानात पळू नको.
आदी जागा बदल.
दोनची तीनला लाव, तीनची दोनला,
कोड पूस, गाडी चालू कर, चहा पी.
दोष कॉइलबरोबर तीनवर गेला, तर कॉइलचा.
जागेवरच राहिला,
तर त्या बिचारीला सोड, जागेचं बघ.

दोन पिना, दोन दहाचे बोल्ट.
कोड पुन्हा दोन.
दोनचा प्लग एकात, एकाचा दोनात.
पुन्हा दोन.
मगदूम बोटांच्या पेरांवर खर्च मोजू लागले.

(मीही बदलली होती जागा.
चाकणला लाइनवर तीन वर्षं,
छप्पन सेकंदाला एक गाडी, उजव्या चाकाचे पाच नट.
रात्री झोपेत मनगट आपोआप वळायचं.
आई म्हणाली, सांगलीला ये, घरचं खाल्लंस की जाईल.
अजून वळतं.
येताना कोड पुसला होता का, आठवत नाही.)

चाचांचा उजवा कान गेलाय, डावा अंदाजावर.
त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक इंजेक्टरवर, मूठ जबड्याच्या हाडाला,
डोळे मिटले.
एक: टिकटिक. तीन: टिकटिक.
दोन: टिकटिक, आणि मधेच गप्प,
बोलता बोलता समोरच्याचं नाव विसरावं तसं.
"हात घाल," म्हणाले, "माझी बोटं जाड.
इंजिन बंद कर आदी. पार मागं, वायरींच्या खाली."

आधी कापूस लागला, बॉनेटच्या अस्तराचा.
मग काहीतरी मऊ, चिकट.
बाहेर काढलं तर बेदाणे.
मूठभर. हिरवे, पिवळे, दोनतीन काळे.
आणि वायरीवर दात.
एकच तार उरलेली, केसाएवढी,
इंजिन थरथरलं की सुटायची, मग पुन्हा टेकायची.

मगदूम दलाल, तीस वर्षं बेदाण्यात.
एक उचलला, उजेडात धरला, दाबला.
"ह्यो माझा माल न्हवं. गंधकाची धुरी कमी पडलीय ह्याला."
मग हळूच,
"उंदराला मारायचं नाही हां पोरी, आमच्यात चालत नाही."
उंदीर तिथं नव्हताच.

तार सोलली, जोडली, कथिल लावलं,
स्लीव्ह चढवली, वर काळी टेप.
कापूस चाचांनी फेकला नाही,
गॅरेजमागच्या एरंडाखाली नेऊन ठेवला.

गाडी चालू केली. तिन्ही बोलू लागले.
"पोराचा दोष नव्हता," मी म्हणाले.
"तसं न्हाई," मगदूम पाकीट उघडत म्हणाले,
"गोदामाच्या भिंतीला गाडी तोच लावतो."
"तुम्हीच सांगता तिथं लाव म्हणून."
पोरगा पहिल्यांदा बोलला.
चाचांना ऐकू आलं नसावं, पण हसले.

चावी पोराच्या हातात गेली.
मगदूम शेजारच्या सीटवर
बराच वेळ बेल्टचं टोक शोधत राहिले.

संध्याकाळी रॉकेलनं हात धुतले, मग साबणानं.
काळं निघालं.
बेदाण्याचा चिकटपणा बोटांच्या बेचक्यात तसाच.